टॉर्चमध्ये जादा '७१३५' चिप : उजेड किती वाढतो, डाग कसा द्यायचा आणि कुठे थांबायचं

शेतीपंपाची लाईट रात्रीच्या पाळीची असली की मोटर चालू करायला आणि दारं धरायला अंधारातच निघावं लागतं. उसाच्या कडेने, ओल्या बांधावरून जाताना हातातला टॉर्च मिणमिणता असेल तर जीव धास्तावतो. यावर टॉर्चची हौस असलेली मंडळी जगभर एक उपाय करतात. टॉर्चच्या आतल्या सर्किटवर त्याच जातीच्या आणखी दोन-चार चिपा डाग देऊन बसवायच्या, म्हणजे एलईडीला जास्त करंट मिळतो आणि उजेड वाढतो. उपाय खरा आहे. पण तो सगळ्या टॉर्चना लागू नाही, आणि लागू असला तरी काही वेळा चिपा टाकूनही उजेडात तसूभर फरक पडत नाही. तो का पडत नाही, हे आधी कळलं तर पैसे आणि टॉर्च दोन्ही वाचतात.

गावाकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. इथे टॉर्च म्हणजे हातातली अख्खी वस्तू आणि सेल म्हणजे आतली चार्ज होणारी बॅटरी. हा सेल बहुतेक वेळा '१८६५०' नावाचा असतो. त्याची जाडी १८ मिलीमीटर आणि लांबी ६५ मिलीमीटर असते, त्यावरूनच हे नाव पडलं.

ही चिप नेमकं काय करते

एलईडी थेट सेलला जोडला तर तो मिळेल तेवढा करंट ओढतो, तापतो आणि लवकर खराब होतो. म्हणून मध्ये एक छोटं गोल सर्किट बसवलेलं असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लहान टॉर्चमध्ये हा ड्रायव्हर साधारण १७ मिलीमीटर व्यासाचा, म्हणजे शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा असतो. एका सेलवर चालणाऱ्या अनेक टॉर्चच्या ड्रायव्हरवर एका रांगेत किंवा गोलाकार बसवलेल्या सारख्या काळ्या चिपा दिसतात आणि त्यांवर ७१३५ हा आकडा छापलेला असतो. पूर्ण नाव एएमसी७१३५. मूळची ही तैवानच्या ॲडटेक कंपनीची चिप, आता तिच्या नकलाही भरपूर मिळतात.

प्रत्येक चिप एलईडीतून ३५० मिलीअँपिअर करंट जाऊ देते, त्याहून जास्त नाही. काही चिपा ३८० मिलीअँपिअरच्याही येतात. चार चिपा शेजारी शेजारी जोडल्या की चौपट, म्हणजे १.४ अँपिअर. सहा चिपांचे २.१ आणि आठ चिपांचे २.८ अँपिअर. एक चिप वाढवली की ३५० मिलीअँपिअरची भर, इतका सरळ हिशेब असल्यामुळेच हा उद्योग लोकप्रिय झाला.

यात एक मेख आहे. चिप करंट ढकलत नाही, ती फक्त अडवते. पाटाच्या दाराचंच उदाहरण घेता येईल. दार किती उघडायचं ते चिप ठरवते, पण पाटात पाणीच कमी असेल तर आणखी दोन दारं उघडून शेत भिजत नाही. इथे पाणी म्हणजे सेलचं व्होल्टेज. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा असतो. मोठ्या करंटवर पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ ते ३.५ व्होल्ट लागतात आणि चिपेला स्वतःसाठी वर ०.१२ व्होल्ट. सेल जुना असेल तर करंट ओढताक्षणी त्याचं व्होल्टेज खाली बसतं. मग जुन्याच चिपांना पुरेसं मिळत नाही, नव्या चिपा काय करणार?

आधी मोजायचं, मग डाग द्यायचा

म्हणून सोल्डरिंग गरम करण्याआधी मल्टिमीटर काढावा. सेल पूर्ण चार्ज करून टॉर्चचं मागचं झाकण काढायचं. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालायची आणि मीटर डीसी अँपिअरवर ठेवायचा. एक टोक सेलच्या मागच्या निगेटिव्ह बाजूला, दुसरं टोक टॉर्चच्या नळीच्या उघड्या धातूच्या कडेला लावलं की टॉर्च पेटतो आणि मीटर करंट दाखवतो. टॉर्च सर्वांत जोराच्या मोडवर असला पाहिजे.

टॉर्चमध्ये चार चिपा असतील आणि मीटर १.३ ते १.४ अँपिअर दाखवत असेल, तर सेल दमदार आहे आणि चिप वाढवून उपयोग होईल. मीटर १ किंवा १.१ वरच थांबत असेल तर अडचण चिपांची नाही. सेल थकलाय, किंवा वाटेत कुठेतरी करंट अडतोय. अशा टॉर्चमध्ये आठ चिपा घातल्या तरी आकडा जवळपास तिथेच राहणार. मीटरच्या बारीक वायरीही थोडा करंट खातात, त्यामुळे किंचित कमी आकड्याची चिंता नको.

वाटेत अडणारा करंट बऱ्याच वेळा फुकटात मोकळा होतो. नळीचे आटे, झाकणाची कड, सेल टेकतो ती स्प्रिंग यांवर काळपट थर आणि शेतातली माती बसलेली असते. स्वच्छ कापडाने ते चांगलं घासून पुसलं तरी कित्येक टॉर्चचा गेलेला उजेड परत येतो. बारीक पोलादी स्प्रिंगमध्येही व्होल्टेज पडतं. स्प्रिंगच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत तांब्याची एक लवचिक वायर डाग देऊन जोडली की हे नुकसान कमी होतं. वायर स्प्रिंग दाबली जाईल इतकी सैल हवी. हे काम चिप लावण्यापेक्षा सोपं आहे, आणि खरं तर पहिलं तेच करावं.

मोजणी संपली की मीटरची लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घालायची. ही सवय मोडली आणि पुढच्या वेळी त्याच वायरी थेट सेलच्या दोन टोकांना लावल्या तर सेल शॉर्ट होतो. लिथियम सेलचा शॉर्ट म्हणजे क्षणात तापलेल्या वायरी, कधी आगही.

कोणत्या टॉर्चला हात लावू नये

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त टॉर्चपैकी अनेकांत ही चिपच नसते. घरच्या पिनेवर चार्ज होणाऱ्या, आत शिशाची ४ व्होल्टची बॅटरी असलेल्या टॉर्चमध्ये करंट अडवायला बहुधा साधा रेझिस्टर असतो. ड्रायव्हरवर तांब्याच्या तारेची गुंडाळी दिसली तर ते वेगळ्या पद्धतीचं सर्किट, तिथे ७१३५ ची भर चालत नाही. चार्जिंगचं सर्किट आणि ड्रायव्हर एकाच बोर्डावर असेल तर नवख्याने छेडू नये.

दोन सेल एकामागे एक घालून चालणाऱ्या टॉर्चलाही नाही. तिथे पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट होतात आणि ही चिप २.७ ते ६ व्होल्टसाठीच बनलेली आहे.

मग प्रश्न एलईडीचा. क्री कंपनीचा एक्सएम-एल२ किंवा एक्सपी-एल कमाल ३ अँपिअर झेलतो, पण एक्सपी-जी२ ची मर्यादा दीड अँपिअर आणि लहान एक्सपी-ई ची फक्त १ अँपिअर. डब्यावर मोठं नाव छापून आत भलताच एलईडी बसवलेला असतो, असंही घडतं. पिवळा चौकोन लहान दिसत असेल तर चार चिपांच्या पुढे जाऊच नये.

किती चिपा पुरेत

चार चिपांच्या टॉर्चला आठ केल्या म्हणजे उजेड दुप्पट, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. करंट वाढेल तसा एलईडी तापतो आणि त्याची कार्यक्षमता घसरते. करंट १.४ वरून २.१ अँपिअर केला तर उजेड साधारण सव्वा ते दीड पटीच्या मध्ये कुठेतरी जातो. २.८ अँपिअर केला तर दीडपटीच्या थोडा वर.

पल्ल्याचं गणित याहून निराश करणारं आहे. झोत किती लांब जातो ते उजेडाच्या वर्गमुळाने वाढतं. म्हणजे पल्ला दुप्पट हवा तर उजेड चौपट लागतो. आधी १०० मीटरवरचं दिसत असेल तर सहा चिपांनी सुमारे ११५ मीटर आणि आठ चिपांनी १३० मीटरच्या आत-बाहेर. दूरवर उसाच्या फडाच्या तोंडाशी काही हललं का हे पाहायचं असेल, तर त्यासाठी मोठ्या आणि खोल रिफ्लेक्टरचा टॉर्च घेणं शहाणपणाचं. तोच करंट तो जास्त लांब फेकतो.

आता वेळ. खऱ्या २६०० मिलीअँपिअर-तासाच्या सेलवर चार चिपांचा टॉर्च पूर्ण जोरात सुमारे १ तास ५० मिनिटं चालतो. सहा चिपांवर सव्वा तास. आठ चिपांवर ५५ मिनिटं. शेत गावापासून लांब असेल, मोटर मध्येच ट्रिप झाली, पाणी फिरवायला उशीर झाला, तर ५५ मिनिटांचा टॉर्च परतीच्या वाटेवर दगा देतो. आणि हा हिशेब खऱ्या सेलचा. ९९०० किंवा त्याहून मोठे आकडे छापलेले १८६५० सेल बाजारात दिसतात, ते आकडे खोटे असतात. या आकाराच्या बहुतेक चांगल्या सेलची क्षमता ३५०० ते ३६०० च्या फारशी पुढे जात नाही. अशा भपकेबाज सेलची खरी क्षमता हजारच निघाली तर आठ चिपांचा टॉर्च वीस मिनिटांत मान टाकतो.

हे सगळं धरून शेतकऱ्याच्या टॉर्चला दोन चिपांची भर पुरे. चारच्या सहा. आठ चिपांचा टॉर्च हौसेचा, मोटरीवर न्यायचा नव्हे.

डाग देण्याची रीत

सामान फार नाही. बारीक टोकाचं सोल्डरिंग, शक्यतो तापमान बदलता येणारं, बारीक सोल्डर वायर, फ्लक्स पेस्ट, टोकदार चिमटा, भिंग आणि पुसायला आयसोप्रोपिल. शिसं असलेली ६०/४० ची वायर १८३ ते १९० अंशांदरम्यान वितळते, नवख्या हाताला तीच सोपी. सोल्डरिंग ३२० ते ३५० अंशांवर ठेवावं. शिशाच्या धुरात नाक घालू नये आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये.

सेल बाहेर काढल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. टॉर्चचं डोकं फिरवून काढलं की आत पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा एक कप मिळतो. त्याच्या वरच्या बाजूला एलईडी आणि खालच्या बाजूला ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर एक-दोन ठिकाणी कपाला डाग देऊन धरलेला असतो किंवा आट्याच्या रिंगने दाबलेला. रिंगला चिमट्याची टोकं लावून फिरवतात. तो काढण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, एलईडीची लाल आणि काळी वायर कुठे जाते ते स्पष्ट दिसेल असे.

चिपेच्या एका कडेला तीन पाय असतात आणि मागच्या कडेला रुंद धातूचा पत्रा. मधला पाय आणि मागचा पत्रा आतून एकच असतात, ते निगेटिव्ह. कडेच्या दोन पायांपैकी एकाने चिपेला चालू होण्याचा हुकूम मिळतो आणि दुसऱ्यातून एलईडीचा करंट येतो. बोर्डावर रिकामी जागा असेल तर नवी चिप तिथेच बसवावी, थंड राहते. जागा नसेल तर जुन्या चिपेच्या पाठीवर नवी चिप ठेवायची. छापील आकडा दोन्हींचा वर आणि पाय एकाच बाजूला. नवी चिप उलटी किंवा फिरवून ठेवली की पाय चुकीच्या पायांवर येतात.

नवीचे तीन पाय चिमट्याने हलकेच खाली वाकवायचे, म्हणजे ते खालच्या पायांना टेकतात. खालच्या पायांवर आणि पत्र्यावर फ्लक्स लावून सोल्डरचा अगदी पातळ थर द्यायचा. वर चिप ठेवून कडेच्या एकाच पायाला डाग द्यायचा आणि भिंगातून पाहायचं. सरळ बसली नसेल तर तो एक डाग वितळवून सरळ करता येते, तिन्ही दिल्यावर नाही. मग उरलेले दोन पाय. शेवटी मागचा पत्रा. पत्र्यामागे तांब्याचा मोठा भाग असल्याने तो उष्णता पटकन ओढून घेतो, तिथे टोक थोडं जास्त वेळ टेकवावं लागतं. हा डाग बरेच जण टाळतात, कारण मधल्या पायावर चिप चालते. पण वरच्या चिपेची उष्णता बाहेर जायचा मुख्य रस्ता तोच पत्रा आहे. तो राहिला तर चिप जास्त तापते आणि लवकर खराब होऊ शकते.

चांगला डाग चकचकीत आणि पायाला चिकटून उतरता दिसतो. गोळा होऊन बसलेला, राखाडी, खडबडीत डाग कच्चा असतो. त्यावर पुन्हा फ्लक्स लावून गरम करावं. एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टोक ठेवू नये, नाही झालं तर थांबून थंड होऊ द्यावं.

जोडण्याआधी आणि जोडल्यावर

आयसोप्रोपिलने बोर्ड पुसून मीटर बीपवर ठेवायचा. मधल्या पायापासून दोन्ही कडेच्या पायांपर्यंत बीप वाजता कामा नये. वाजली तर दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झालाय.

ड्रायव्हर परत कपात बसवताना जागा मोजावी. एका चिपेची उंची दीड मिलीमीटर आहे, रचलेल्या चिपा कपाच्या भिंतीला किंवा सेलला टेकू शकतात. पत्रा टेकला तर बिघडत नाही, कारण कपही निगेटिव्हच असतो. पण करंटचा पाय टेकला की चिपा बाजूला पडतात आणि एलईडी थेट सेलवर जळायला लागतो. शंका असेल तिथे उष्णता सोसणाऱ्या पिवळ्या कॅप्टन टेपचा तुकडा लावावा. साधी चिकटपट्टी वितळते.

पुन्हा तशीच मोजणी करायची. चारच्या सहा केल्या तर २.१ च्या जवळ आकडा यायला हवा. १.७५ आला तर एका चिपेचा एक पाय जोडलेला नाही. १.४ वरच राहिला तर दोन्ही चिपांचे डाग कच्चे. आकडा अपेक्षेपेक्षा खूप वर गेला आणि मोड बदलूनही उजेड कमी होत नसेल, तर करंटचा पाय कुठेतरी निगेटिव्हला टेकलाय. टॉर्च ताबडतोब बंद करावा.

कमी उजेडाचा मोडही त्याच पटीत वाढतो, हे लक्षात येत नाही. चार चिपांवर पाच टक्क्यांचा मोड ७० मिलीअँपिअर घेत होता, तो सहा चिपांवर १०५ घेईल. पायाखालचं पाहायला तेवढा उजेड भरपूर होतो. मण्यार आणि घोणस मुख्यतः रात्री फिरतात आणि ते दिसतात पायापासून दोन-तीन मीटरवर, शंभर मीटरवर नाही. जोराचा झोत लांब मारून परत पायाकडे पाहिलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधार होतो. म्हणून बांधावर चालताना कमी मोड, आवाज आला तरच मोठा.

उष्णता

सहा चिपांवर एलईडी सुमारे ७ वॅट घेतो. सेल भरलेला असताना चिपांमध्ये आणखी दीड-पावणेदोन वॅट निव्वळ उष्णता होते, सेल उतरेल तशी ती कमी होते. ही सगळी उष्णता कपातून टॉर्चच्या अंगावर यायला हवी. एलईडीच्या पट्टीखाली थर्मल पेस्ट नसेल तर उघडल्यासरशी लावून घ्यावी, आणि कप डोक्यात घट्ट फिरला पाहिजे. काही मिनिटांनी टॉर्चचं डोकं हाताला गरम लागणं हे चांगलं लक्षण आहे, उष्णता बाहेर येतेय. उजेड पडू लागला आणि डोकं थंडच असेल तर ती आत अडकलीय.

सेलच्या बाबतीत तडजोड नको. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, प्लास्टिकचं वेष्टण फाटलेले, फुगलेले सेल वाढीव करंटच्या टॉर्चमध्ये घालू नयेत. आतून संरक्षक सर्किट असलेला सेल घेतला तर तो फार उतरण्याआधी स्वतः बंद होतो, पण मग टॉर्च अचानक विझतो. खिशात दुसरा भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर सुटा सेल खिशात टाकला तर तो तिथेच शॉर्ट होऊ शकतो.

चिपा टाकल्यावर टॉर्च फार तापतो किंवा पुरत नाही असं वाटलं तर चिप उखडून काढायची गरज नाही. वरच्या चिपेचा करंट येणारा कडेचा पाय गरम करून चिमट्याने किंचित वर उचलला की ती चिप बाद होते आणि टॉर्च आधीच्या हिशेबावर येतो. पाय पुन्हा खाली टेकणार नाही इतका वर असावा.